ड्राफ्टिंग पकडायचं कुणी: मार्शलनं की यंत्रानं?

ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे चिकटून वाऱ्याचा विरोध चुकवणं. ते टाळण्यासाठी आयर्नमॅनच्या (पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीच्या) हौशी गटात पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. ओव्हरटेक २५ सेकंदांत उरकायचं. नियम मोडलात तर ५ मिनिटं पेनल्टी टेंटमध्ये, म्हणजे दंडाच्या तंबूत, थांबायचं. पण हे १२ मीटर मोजायचे कसे?

जुनी पद्धत म्हणजे मोटारसायकलवरून नियमांवर नजर ठेवणारा मार्शल. तो अंदाजानं ठरवतो. शिवाय त्याची गाडी दिसताच घोळका आपोआप सुटा होतो, ती पुढे गेली की परत गोळा! वाद घालायला जागाच जागा.

न्यूझीलंडमधलं रेसरेंजर हे यंत्र २०२३ पासून व्यावसायिक शर्यतींत दिसू लागलं. सायकलींवरची यंत्रं आपसांतलं अंतर मोजतात, मागच्याला दिव्याच्या रंगानं इशारा मिळतो. अंतराबाबत मला हेच जास्त भरवशाचं वाटतं. तरी दंड द्यायचा की नाही हे अजून माणूसच ठरवतो, आणि गोव्याच्या आयर्नमॅनसारख्या शर्यतीतल्या हजारभर हौशींच्या सायकलींवर यंत्रं लावणं म्हणजे खर्चाचं आणि खटाटोपाचं काम.

कचऱ्याचं काय? एनर्जी जेलचं रिकामं पाकीट ठरलेल्या पट्ट्याबाहेर फेकलं तर सेन्सरला पत्ताही लागत नाही. तिथे मार्शलची नजरच हवी.