'अ नंबर ऑफ' की 'द नंबर ऑफ': क्रियापद कुठलं?

फरक फक्त सुरुवातीच्या आर्टिकलचा, पण क्रियापदाचं वचन त्यावरच ठरतं. 'अ नंबर ऑफ' म्हणजे 'बरेच' किंवा 'काही'. इथे वचन पुढचं नाम ठरवतं: 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅबसेंट'. 'द नंबर ऑफ' म्हणजे 'संख्या'. ती एकच, म्हणून 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज फॉलिंग'.

घोळ जास्त होतो तो दुसऱ्यात. क्रियापदाला खेटून 'स्टुडंट्स' बसलेलं असतं, कान त्यालाच कर्ता समजतो आणि हातून 'आर' लिहिलं जातं. वाक्य लांबलं की धोका वाढतो: 'द नंबर ऑफ पीपल हू वर्क फ्रॉम होम हॅज राइझन'. यातलं 'वर्क' 'पीपल'शी जुळतं, 'हॅज' मात्र 'नंबर'शी. दोन्ही बरोबर आहेत, घाईत एकसारखी करू नका.

शंका आली तर त्या जागी 'सेव्हरल' घालून बघा. 'सेव्हरल स्टुडंट्स आर अ‍ॅबसेंट' सहज बसतं. 'सेव्हरल स्टुडंट्स आर फॉलिंग' म्हटलं की अर्थच पालटतो: संख्या घटत नाही, विद्यार्थी पडतात. मग क्रियापद एकवचनीच हवं.

नाम दोन्हीकडे मोजता येणारं, अनेकवचनी. 'वॉटर'साठी 'द अमाउंट ऑफ' घ्या.