शब्द पाळणे आणि बदललेले बेत, या विषयावरचा बायबल कोर्स: पौलाचे धडे झकास, शेवटी घाई

आमच्या बायबल स्टडी ग्रुपने हा ऑनलाइन कोर्स घेतला होता. विषय असा की शब्द दिलाय आणि ऐनवेळी बेत बदलला तर ख्रिस्ती माणसाने काय करायचं. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाहीये, खाली थोडी तक्रारपण आहे.

मला वाटलं होतं मत्तय 5:37 वाचतील, होय तर होय, नाही तर नाही, प्रार्थना करतील आणि झालं. पण सुरुवातच प्रेषित पौलाच्या (येशूचा संदेश गावोगावी नेणारा) फसलेल्या प्रवासापासून केलीय आणि कोर्समधला सगळ्यात भारी भाग तोच आहे. 1 करिंथ 16 मध्ये, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पाठवलेल्या पत्रात, पौल लिहितो की मासेदोनियातून तुमच्याकडे येईन, जमलं तर हिवाळाभर राहीन, मग बेत बदलून आधी करिंथ, नंतर मासेदोनिया, परत करिंथ असं ठरतं, तेही होत नाही, आणि लोक बोलायला लागतात की या माणसाचं होय आणि नाही एकाच तोंडात. 2 करिंथच्या पहिल्या दोन अध्यायांत तो उत्तर देतो की तुमची गय करावी म्हणून आलो नाही, पुन्हा दुःख द्यायला यायचं नव्हतं, त्याऐवजी रडत रडत पत्र लिहिलं. शिकवणाऱ्या ताई इथे अजिबात घाई करत नाहीत. पौलाने कारण दिलं, तेही ज्यांचा हिरमोड झाला त्यांनाच, आणि आरोप न टाळता, हे त्या ओळीओळीतून काढून दाखवतात.

त्यावरचा गृहपाठ मस्त आहे. आपणच कधीतरी पाठवलेला 'सॉरी, काही कारणाने जमणार नाही' टाइपचा मेसेज काढायचा आणि स्वतःला विचारायचं, हे 'काही कारण' म्हणजे नक्की काय, मला स्वतःला कधीपासून माहीत होतं, आणि माझ्या भरवशावर समोरच्याने जे ठरवून ठेवलं होतं त्याचं काय. ग्रुपमध्ये बराच वेळ कोणी बोलेना.

याकोब 4:13-15 चा धडापण चांगला. वर्षभर अमक्या शहरात जाऊन व्यापार करू म्हणणाऱ्यांना याकोब सांगतो, 'प्रभूची इच्छा असेल तर' म्हणा. ताईंचं म्हणणं, हे बेत करताना नम्रपणे म्हणायचं असतं, अंग काढून घेतल्यावर वरून पांघरायचं नसतं. आणि बघा, याच लोकांनी लाइव्ह सेशन पुढे ढकललं तेव्हा मेसेज काय, तर 'प्रभूची योजना वेगळी होती', बस, कारण नाही, नवी तारीख नाही. अरे, निदान तुमचा धडा तरी ऐका! विचारल्यावर मात्र सरळ उत्तर आलं आणि पैसे परत हवे असतील तर देतो असंही म्हणाले, त्यामुळे फार ताणत नाही.

शेवटचे धडे मात्र घाईत उरकलेत. यहोशवा 9 मधले गिबोन शहराचे लोक शिळी भाकर, फाटके जोडे दाखवून इस्राएलकडून फसवून करार करून घेतात तरी इस्राएलचे सरदार शपथ मोडत नाहीत, ही गोष्ट आहे, स्तोत्र 15:4 आहे, नुकसान झालं तरी शपथ न बदलणारा माणूस. पण मग इफ्ताहाचं काय? शास्ते 11 मधला त्याचा नवस त्याच्याच मुलीच्या जिवावर उठला, आणि कोर्समध्ये त्याचं नावसुद्धा नाही. नीतिसूत्रे 6:1-5 पण नाही, जिथे दुसऱ्याच्या जामिनात अडकलेल्याला साफ सांगितलंय की जा, गयावया कर, सुटका करून घे. हे दोन घेतले असते तर कधी शब्द धरून बसायचं आणि कधी समोर जाऊन सोडवून घ्यायचं यावर खरी चर्चा झाली असती. आणि येशू शपथच वाहू नका म्हणतो, मग पौल 2 करिंथ 1:23 मध्ये देवाला साक्षी का ठेवतो, हा प्रश्न मी विचारला तर 'पुढच्या बॅचला घेऊ' म्हणाले.

पाचपैकी साडेतीन. चर्चमध्ये ज्यांच्याकडे नियोजनाची कामं असतात त्यांनी पौलाचे धडे नक्की करा, बाकीचं वाटलं तर. वर्कशीट मोबाईलवर नीट उघडत नाही, लॅपटॉप घ्या.