परकीय भाषेची निवड आणि सात रस्त्याजवळचा एक भाषावर्ग

आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन, फ्रेंच आणि जपानी शिकवणारा एक खासगी भाषावर्ग सात रस्त्याच्या परिसरात चालतो. परकीय भाषांचे क्लास सोलापुरात आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. पण या वर्गाची एक सोय मला इतरत्र आढळली नाही, ती म्हणजे प्रवेश पक्का करण्याआधी महिनाभर तिन्ही भाषांचे धडे आलटून पालटून घेता येतात आणि मगच एक भाषा निवडायची असते. या परिचय महिन्याची फी १,५०० रुपये आहे. नववीत गेलेल्या माझ्या मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत तो महिना पूर्ण करून पुढे जपानीची पहिली पातळी घेतली. पालकांना मागच्या बाकावर बसण्याची मुभा असल्यामुळे मलाही तिन्ही भाषांचे शिकवणे जवळून पाहता आले.

आपल्याकडे भाषेची निवड बहुधा गुणांच्या हिशेबाने होते. दहावीला संस्कृत घेतले की पैकीच्या पैकी गुणांच्या जवळ जाता येते, हे घरोघरी ठरलेले गणित आहे. तेच गणित आता अकरावीसाठी जर्मन-फ्रेंचला लावले जाते, कारण राज्य मंडळाच्या अकरावीत या भाषा मुळाक्षरांपासून सुरू होतात आणि ८० गुणांच्या लेखी परीक्षेला २० गुणांच्या तोंडी परीक्षेची जोड मिळते. हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हा पर्याय सर्रास मिळतो. सोलापुरात मात्र जिथे प्रवेश घ्यायचा तिथे त्या भाषेचा शिक्षक आहे की नाही, याची चौकशी आधी करावी लागते. शाळेत सुरू झालेली भाषा शाळेतच टिकेल याचीही खात्री नसते. २०१४ साली केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवले जाणारे जर्मन शैक्षणिक वर्ष निम्मे उलटल्यावर काढून त्या जागी संस्कृत आणले गेले, तेव्हा देशभरच्या पालकांची धावपळ झाली होती. म्हणून गुणपत्रिकेपेक्षा बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षेकडे नेणारा वर्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि हा वर्ग निदान त्या दिशेने शिकवतो.

तिन्हींत जपानीचे शिकवणे सर्वांत उजवे आहे. या भाषेचा पहिला धाक लिपीचा असतो, कारण हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे झाल्यावर कांजी ही चित्रलिपी पुढे उभीच असते. इथल्या मॅडम गणिताची चौकटींची वही आणायला सांगतात आणि एका चौकटीत एक याप्रमाणे अक्षरे गिरवून घेतात. ‘आ’ या अक्षराला तीन रेघा आहेत, त्यांतली वळसा घेणारी रेघ शेवटी यायला हवी. माझी मुलगी ती आधी काढत होती आणि अक्षर दिसायला बरोबरच येत होते, तरी मॅडमनी ती ओळ पुसून पुन्हा लिहायला लावली. त्या वेळी हा अतिरेक वाटला, पण पुढे दहा-बारा रेघांची कांजी आली की हाच क्रम हाताला आधार देतो.

व्याकरणाचा धडा मात्र मराठी मुलांना सोपा जातो, आणि त्याचा उपयोग इथे फार हुशारीने करून घेतला जातो. फळ्यावर ‘मी सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाते’ असे वाक्य लिहून त्याच्या बरोबर खाली, शब्दाखाली शब्द ठेवत, ‘वाताशी वा सोलापूर कारा पुणे ए देन्शा दे इकिमासु’ असे लिहिले गेले, आणि क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या मागून येतात, हे मुलांनी न सांगता ओळखले. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या दोन मुलांचे उच्चार तर सगळ्यांत आधी बसले. तेलुगूप्रमाणेच जपानीतही बहुतेक शब्द स्वरावर संपतात, हे मॅडमनी वर्गाच्या लक्षात आणून दिले. घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या सोलापूरच्या मुलांजवळ किती भांडवल आहे, याची जाणीव शाळेत सहसा कोणी करून देत नाही.

जपानी घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘जेएलपीटी’ या जपानीच्या प्रावीण्य परीक्षेच्या, सर्वांत सोप्या एन-५ पासून सर्वांत अवघड एन-१ पर्यंत, पाच पातळ्या आहेत, ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि आपल्याला पुण्याचे केंद्र सोयीचे पडते. पण तीत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नसते, सारे प्रश्न बहुपर्यायी असतात. नुसती परीक्षेपुरती तयारी केली तर प्रमाणपत्र हातात आणि तोंडातून शब्द फुटत नाही, अशी अवस्था होऊ शकते. इथे शनिवारचा तास केवळ संभाषणासाठी राखून ठेवला आहे, हे चांगले आहे.

जर्मनचे सर तरुण आहेत आणि परीक्षेचा नमुना त्यांना पाठ आहे. मराठीप्रमाणे जर्मनलाही तीन लिंगे असल्यामुळे नपुंसकलिंग ही कल्पना मुलांना नवी नसते. मात्र कोणत्या नामाचे लिंग कोणते, हे पाठच करावे लागते, आणि त्यासाठी सर निळा, लाल व हिरवा असे तीन रंगांचे खडू वापरतात. अडचण आहे ती गर्दीची. वीस-पंचवीस मुलांच्या खोलीत एकच छोटा स्पीकर असून मागच्या दोन बाकांपर्यंत आवाज धड पोहोचत नाही, तशात छताचा पंखा खडखडत असतो. ग्योथं इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या ए-१ म्हणजे पहिल्या पातळीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ६० लागतात. म्हणजे चौथा हिस्सा ऐकण्याचा आहे, आणि वर्गात तोच कच्चा राहतो. मी दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा ‘नवीन स्पीकर येतोय’ असे उत्तर मिळाले.

फ्रेंचविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शिकवणारे महिन्याच्या मध्येच बदलले आणि उरलेले धडे पडद्यावर झाले. ज्यांना फ्रेंचच हवे आहे त्यांनी पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझकडे चौकशी करावी.

खरी नाराजी आहे ती महिन्याच्या शेवटी होणाऱ्या समुपदेशनाबद्दल. तीन भाषा चाखायला देऊन मुलाचा कल पाहायचा, ही इतकी चांगली योजना. पण संचालक माझ्याशी बोलायला बसले ते “मॅडम, डोळे झाकून जर्मन घ्या” या वाक्यानेच. टेबलावरच्या पत्रकात २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी केलेल्या कराराचा ठळक उल्लेख होता. करार खरा आहे. परंतु परिचारिकेसारख्या कामासाठी तिथे सहसा बी-२ पातळी मागितली जाते, आणि नववीतले मूल ए-१ पार करते तेव्हा त्याच्यापुढे अजून ए-२, बी-१ आणि बी-२ अशा तीन पातळ्या असतात, हे पत्रकात कुठेच नव्हते. ‘आत्ता नाही घेतली तर उशीर होईल’ हे दुसरे पालुपद. ज्या शहरात १९१० साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले, तिथे हे ऐकताना हसू येते. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा तिशीला टेकले होते, आणि चिनी भाषा ते तिथे जाऊनच शिकले. (चिनीचा पर्याय का नाही, असे मी विचारले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावे आहेत, चिनीचे नाही. पण हे उत्तर मला संचालकांकडून मिळाले नाही.)

पैशांचे व्यवहारही जरा सांभाळून करावेत. पूर्ण पातळीची फी १४,००० रुपये असून ती दोन हप्त्यांत घेतात, परीक्षेचे शुल्क वेगळे असते आणि ते आपण विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. पावतीसुद्धा मागून घ्यावी लागते. दोन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते, परंतु मधेच सोडल्यास काहीही परत मिळत नाही आणि शिक्षक बदलणार नाहीत याची हमी कोणी देत नाही, तेव्हा एका वेळी एकच पातळी घेणे शहाणपणाचे. जपानीसाठी हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन, जर्मनसाठी पुढच्या दोन बाकांवर जागा मिळणार असेल तरच. परिचय महिना दिवाळीच्या सुट्टीतही ठेवतात, पण तेव्हा तो तीन आठवड्यांत गुंडाळला जातो आणि हिरागाना पूर्ण होण्याआधीच निवडीचा अर्ज पुढ्यात येतो; त्यामुळे उन्हाळ्याची बॅच बरी.