मॉड१६ए२ : बाष्पोत्सर्जन फुकट मिळते, पण नेमके कोणत्या शेताचे?

नासाच्या टेरा उपग्रहावरील मोडिस संवेदकाच्या आधारे तयार होणारी मॉड१६ए२ ही बाष्पोत्सर्जनाची, म्हणजे जमीन आणि पिके मिळून वाफेच्या रूपाने हवेत सोडतात त्या पाण्याची, विदा गेले दोन हंगाम मी अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसपट्ट्यासाठी वापरत आहे. तालुक्याचा किंवा खोऱ्याचा हंगामी पाण्याचा हिशेब मांडायचा असेल तर ती जरूर घ्यावी; एखाद्या शेताची पाणीपाळी ठरवण्यासाठी मात्र तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

विदा मोफत आहे, नोंदणी करून उतरवून घेता येते आणि दर आठ दिवसांचा एक आकडा देते. पहिली अडचण फाइल उघडतानाच येते. मोडिसच्या जाळीत महाराष्ट्र चार चौकटींत विभागला गेला आहे. आडवी रेघ विसाव्या अक्षांशावरून, म्हणजे नाशिकजवळून जाते, आणि उभी तिरपी रेघ चक्क पुणे शहराच्या मधून जाते, त्यामुळे कोथरूड एका फाइलीत आणि स्वारगेट दुसऱ्या फाइलीत सापडते. (सापडते म्हणजे जागा सापडते, शहरी भागाला ही विदा आकडाच देत नाही.) अशा ठिकाणी ३२७६२ सारखा एक सांकेतिक क्रमांक भरलेला असतो. तो गाळायचे विसरून कोणी जिल्ह्याची सरासरी काढली, तर जिल्ह्यातून समुद्राइतके पाणी उडून गेल्याचे उत्तर येते. ही चूक मी स्वतः केली आहे.

एककांचेही नीट पाहावे लागते. एखाद्या पिक्सेलवर २४५ असा आकडा दिसला, तर त्याला ०.१ ने गुणून आठ दिवसांचे २४.५ मिलिमीटर, म्हणजे रोजचे सुमारे ३ मिलिमीटर, असे वाचायचे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. त्या हिशेबाने रोजचा एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला सरासरी २८ वॅट, आणि आपला पिक्सेल सुमारे ८७ वॅट सुप्त उष्णता (वाफेबरोबर जाणारी ऊर्जा) हवेत सोडत असतो. वर्षाचा शेवटचा संच मात्र आठ दिवसांचा नसून पाच, लीप वर्षी सहा दिवसांचा असतो. तिथेही आठनेच भागले, तर डिसेंबरअखेर पिकाची तहान अचानक घटल्यासारखे दिसते.

आता मुख्य तक्रार. या पद्धतीचा पाया पेनमन-माँटिथ समीकरण, म्हणजे हवामान आणि पिकाच्या माहितीवरून बाष्पोत्सर्जन काढणारे सूत्र, हा आहे. पानांचा विस्तार, पृष्ठभागाची परावर्तनक्षमता आणि भूवापराचा प्रकार उपग्रहाकडून येतो. तापमान, आर्द्रता आणि प्रारण (रेडिएशन) मात्र अर्ध्या अंशाच्या आसपासच्या चौकटींच्या हवामान-पुनर्विश्लेषणातून, म्हणजे नोंदी आणि संगणकी प्रारूप जुळवून केलेल्या अंदाजातून, घेतले जाते. जमीन प्रत्यक्ष किती तापली आहे हे टेरावरचाच संवेदक मोजत असूनही ते मोजमाप इथे वापरलेले नाही, आणि मातीतील ओलाव्याचा अंदाज हवेच्या कोरडेपणावरून बांधला जातो. एप्रिलमध्ये आमच्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते, पण आवर्तनाचे पाणी मिळालेला ऊस डोलत असतो. सूत्राला हवा कोरडी दिसते, म्हणून पानांची रंध्रे मिटली असतील असे ते गृहीत धरते आणि बाष्पोत्सर्जन कमी दाखवते. खोडव्याला पाणी देऊन दोन दिवस झाले होते, शेतातल्या मोजणी-मनोऱ्यावरचा सुप्त उष्णतेचा आलेख स्पष्ट चढला होता, आणि त्या आठवड्याचा उपग्रहाचा आकडा मात्र आधीच्या आठवड्याच्या जवळपास तसाच होता.

पिक्सेलचा आकारही आडवा येतो. नाव ५०० मीटरचे असले तरी प्रत्यक्ष बाजू सुमारे ४६३ मीटर, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण ५३ एकर बसतात. आमच्या मनोऱ्याभोवतीच्या तेवढ्या जागेत उसाचे फड, ज्वारी काढून मोकळे पडलेले रान, दोन विहिरी आणि एक वस्ती आहे.

तरीही सगळा दोष उपग्रहाला देणे योग्य नाही. जमिनीवरच्या एडी कोव्हेरियन्स (हवेच्या भोवऱ्यांबरोबर वर जाणारी वाफ आणि उष्णता मोजणाऱ्या) मनोऱ्यांवर संवेद्य, म्हणजे हवा तापवणारी, आणि सुप्त उष्णता यांची बेरीज निव्वळ प्रारणातून मातीत मुरणारी उष्णता वजा केल्यावर उरणाऱ्या ऊर्जेशी क्वचितच जुळते. १० ते ३० टक्क्यांची तूट सर्रास आढळते. ज्या संस्थेचा मनोरा आम्ही वापरला, तिथे तर वायुविश्लेषकाची काच कित्येक दिवस पुसलेलीच नव्हती आणि त्या काळातील नोंदी आम्हाला टाकून द्याव्या लागल्या. शिवाय २०११ साली सुधारलेले हे सूत्र ४६ मनोऱ्यांवर तपासले गेले होते, पण ते मनोरे अमेरिका खंडांतील अमेरिफ्लक्स या जाळ्यातले होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

पावसाळ्यात ढगांमुळे पानांच्या विस्ताराची नोंद तुटक येते. म्हणून मागच्या वर्षांचा अभ्यास करायचा असेल तर वर्षअखेरीस तयार होणारी, खंड भरून काढलेली मॉड१६ए२जीएफ ही आवृत्तीच घ्यावी.

ज्यांना संवेद्य उष्णता हवी आहे त्यांची इथे निराशा होईल, कारण विदेत फक्त प्रत्यक्ष व संभाव्य (पाण्याची कमतरता नसती तर झाले असते ते) बाष्पोत्सर्जन आणि त्यांच्याशी जुळणारी सुप्त उष्णता मिळते. त्यांनी लँडसॅट उपग्रहाच्या औष्णिक प्रतिमा घेऊन सेबालसारखी पद्धत वापरावी. त्यात सर्वांत तापलेला आणि सर्वांत गार पिक्सेल निवडून आधी संवेद्य उष्णता काढतात आणि उरलेल्या ऊर्जेतून बाष्पोत्सर्जन मिळवतात, त्यामुळे भिजलेला फड आणि कोरडे रान वेगळे दिसतात. मेहनत मात्र बरीच पडते आणि दिवस निरभ्र असावा लागतो. यंदा खोऱ्याच्या बेरजेसाठी मी मॉड१६ए२जीएफच ठेवली आहे आणि उन्हाळ्यातील आवर्तनांच्या काळासाठी लँडसॅटच्या प्रतिमा बाजूला काढल्या आहेत.