आठवड्याच्या जेवणाची पाटी: सहा महिने वापरल्यानंतर

फ्रिजच्या दाराला चिकटणारी पांढरी पाटी, दीड फूट बाय एक फूट, आणि तिच्यासोबत एक काळा मार्कर, असे मिळून 180 रुपये. शेजारी खिळ्याला दोरीने टांगलेली दोनशे पानी लांबट वही, 60 रुपये. गेले सहा महिने आमच्या घरचा स्वयंपाक आणि किराणा या 240 रुपयांच्या सामानावर चाललाय. पैसे वाचले का? वाचले. पण जिथे वाचतील असं वाटलं होतं तिथे फारसे वाचले नाहीत.

आम्ही नाशिकला राहतो, घरात पाच माणसं. बायको स्टाफ नर्स आहे, तिची ड्युटी दर आठवड्याला बदलते. मी घरून हिशेबाची कामं करतो, त्यामुळे बाजार आणि संध्याकाळचा स्वयंपाक बराचसा माझ्याकडे. आई 68 वर्षांची, माहेर जळगावकडचं. थोरली नववीत, धाकटा चौथीत. सकाळी चार डबे निघतात.

पाटी आणण्याआधी गेल्या वर्षीचा पूर्ण जुलै मी नुसतं लिहून काढलं. कुठे किती गेले ते वहीत, आणि टाकून काय दिलं तेही. टाकायची भाजी आधी वजनकाट्यावर ठेवायची आणि मग ओल्या कचऱ्यात. महिन्याला 3 किलो 400 ग्रॅम भरली. त्यात निम्म्याहून जास्त पालेभाजी आणि कोथिंबीर. फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये पिशवीतच कोथिंबिरीचं काळं पाणी झालेलं आणि त्याखाली दोन काकड्या मऊ पडलेल्या, हे दृश्य बऱ्याच घरांत ओळखीचं असेल.

सुरुवात एका मोबाइल ॲपने केली होती, ती आठ दिवसांत सोडली. त्यात आठवडा सोमवारी सुरू व्हायचा, मापं कपांत होती आणि भाज्यांत झुकिनी. आमचा बाजार असतो बुधवारी, गंगाघाटावर, म्हणजे गोदावरीच्या काठी. सोमवारी मेथी कुठून आणू? म्हणून पाटीवर रकाने आखले ते बुधवार ते मंगळवार असे. ही एवढीशी गोष्ट वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. तुमचा बाजार रविवारचा असेल तर तुमचा आठवडा रविवारीच सुरू करा.

पहिले तीन आठवडे मी प्रत्येक वाराला ठरलेली भाजी लिहीत होतो, शाळेच्या वेळापत्रकासारखी. ते साफ फसलं. शुक्रवारी पाटीवर गवार, आणि त्याच दिवशी शेजारून पिशवीभर शेवग्याच्या शेंगा आल्या. बायकोची सेकंड शिफ्ट अचानक नाइट झाली की तिचा डबा वेगळा, जेवायची वेळ वेगळी. पाटीवर एक आणि ताटात दुसरंच. मग वार सोडून भाजी किती दिवस टिकते ते धरून लिहायला लागलो आणि गाडी रुळावर आली.

आता असं असतं. बुधवारी रात्री आणि गुरुवारी पालेभाजी: मेथी, शेपू, पालक, हिवाळ्यात कांद्याची पात. शुक्रवार-शनिवारी भेंडी, गवार, गिलकी, दोडकी, वांगी. रविवारी अंडी किंवा चिकन, आईसाठी त्या दिवशी वेगळं काहीतरी. सोमवारी कोबी, दुधी, लाल भोपळा, बटाटा, म्हणजे जे वाट बघायला तयार असतं ते. मंगळवार मात्र बिनभाजीचा. त्या दिवशी ट्रे रिकामा असणार हे धरूनच चालायचं. मधले दोन दिवस आपसांत बदलले तरी बिघडत नाही, फक्त मेथी मागे ढकलायची नाही.

कोथिंबिरीचा प्रश्न मात्र पाटीने नाही, आईने सोडवला. जुडी धुवायची नाही. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची. तिसऱ्या दिवशी कागद दमट झाला की बदलायचा. आठ दिवस बिनबोभाट राहते. नाशिकला जुडी कधी दहाला मिळते तर कधी पन्नासच्याही वर जाते, त्यामुळे स्वस्त असेल तेव्हा दोन जुड्या आणणं आता परवडतं.

बाजाराबद्दलही एक शिकलो. संध्याकाळी साडेसातनंतर भाव उतरतात, विक्रेत्यांना उठायचं असतं, वाटे लावून देतात. पण त्या वेळची पालेभाजी दिवसभर उन्हात बसलेली असते, तिचा निम्मा भाग निवडण्यातच जातो. म्हणून कोबी, बटाटे, भोपळा, आलं संध्याकाळी आणि पाला सकाळी. ज्या आठवड्यात दोन फेऱ्या जमत नाहीत त्यात मी सकाळचीच फेरी धरतो. पावसाळ्यात गोदावरीला पाणी आलं आणि घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की घाटावरचा बाजार उठतोच. त्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याच्या भावाने घ्यायचं आणि गप्प बसायचं.

आता मंगळवारबद्दल, कारण मला यातलं सगळ्यात आवडलेलं तेच आहे. घरात भाजी नाही म्हणजे बाहेरून मागवायचं, असं आमच्याकडे कधीतरी होऊन बसलं होतं. आईला हे कधीच पटलं नव्हतं, पण ती बोलली नव्हती. मंगळवारचा रकाना मी तिच्यावर सोपवला तेव्हा तिने एका बैठकीत सात-आठ नावं सांगितली. डुबुक वडे, कढी-फुणके (फुणके म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके), पाटवडीचा रस्सा, शेवभाजी, पिठलं, उडदाची डाळ आणि भाकरी, मठाची म्हणजे मटकीची उसळ. वांगी उरली असतील तर वरण-बट्टी. यातलं निम्मं मी लहानपणी खाल्लं होतं, पण मला करता येत नव्हतं.

डुबुक वडे तिने मला उभं राहून शिकवले. खोबरं-कांदा भाजून वाटलेला काळ्या मसाल्याचा रस्सा खळखळ उकळला पाहिजे. बेसन भज्यांच्या पिठाहून किंचित घट्ट, त्यात तिखट, हळद, ओवा. बोटांनी एकेक वडा रश्श्यात सोडायचा. "आच कमी नको करू, वडे विरघळतील," हे तिने तीनदा सांगितलं. तरी मी कमी केलीच. पहिल्यांदा जे झालं त्याला आम्ही रश्श्यातलं पिठलं म्हणून खाल्लं. आता जमतात. पाच माणसांना पाव किलो बेसनही पुरून उरतं, आणि दोन भाकऱ्या जास्त लागतात ही एकच अडचण.

फजितीही झाल्या. सप्टेंबरमध्ये उत्साहात अर्धा किलो मटकी एकदम भिजवली. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते हे माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सलग तीन दिवस उसळ, चौथ्या दिवशी मिसळ. पाचव्या दिवशी सकाळी पाटीवर धाकट्याच्या अक्षरात होतं: मटकी बंद. तेव्हापासून दीड वाटी, त्याहून जास्त नाही.

दुसरी फजिती महाग पडली. डिसेंबरात नवा लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून 20 किलोची गोणी आणली आणि पलंगाखाली पसरली. तीन आठवड्यांत वास सुटला. निम्मा कांदा सडला, उरलेल्याला कोंब. लासलगाव घरापासून दीड-दोन तासांवर, आणि माझी ही अक्कल. आई म्हणाली, "अरे बाबा, लाल कांदा आणायचा अन् खायचा. साठवायचा तो उन्हाळी." बरोबर आहे. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, पातळ पसरून वारा लागेल असा ठेवला तर चार-पाच महिने काढतो. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. स्वस्त मिळालं म्हणजे बचत झाली असं मी तोवर धरून चाललो होतो.

किराण्यात पाटीपेक्षा वहीचा उपयोग जास्त झाला. दुकानात जाण्याआधी डबे उघडून बघायचे आणि जे खरंच संपत आलंय तेवढंच लिहायचं, इतकंच. आमच्याकडे जिऱ्याची तीन पाकिटं निघाली, तिन्ही फोडलेली. तेलाच्या बाबतीत एक सवय लागली: पाकिटाची किंमत नाही, मागचं वजन वाचायचं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारी तेवढंच दिसणारं पाकीट 850 ग्रॅमचं असू शकतं, आणि ते चार रुपयांनी स्वस्त दिसतं. हल्ली पाकिटावर दर ग्रॅम किंवा मिलिलिटरमागची किंमत छापलेली असते, बारीक अक्षरात. चष्मा लावून वाचावी.

आता आकडे. जुलै 2025 विरुद्ध जानेवारी 2026, दोन्ही महिने 31 दिवसांचे म्हणून हेच धरले. गहू-तांदूळ यात नाहीत, ते आम्ही वर्षाचे उन्हाळ्यातच भरतो.

जुलैत किराणा 9,400, भाजी-फळं 4,600, दूध-अंडी-चिकन 4,110 आणि बाहेरून मागवलेलं 6,200. एकूण 24,310. जानेवारीत तेच अनुक्रमे 8,600, 3,900, 4,150 आणि 2,400. एकूण 19,050. फरक 5,260 रुपयांचा.

यातले 3,800 एकट्या बाहेरच्या खाण्याचे आहेत. म्हणजे मी बाजारात जी घासाघीस केली, संध्याकाळच्या फेऱ्या मारल्या, वजनं वाचली, त्या सगळ्याचे दीड हजारही नाहीत. त्यातही जानेवारीत भाजी तशीही स्वस्त असते आणि पावसाळ्यात महाग, तेव्हा भाजीतल्या 700 पैकी निम्मे हवामानाचे समजा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तूप, लोणी, बिस्किटं, फरसाण यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, किराण्यातला थोडा फरक तिथूनही आलाय. त्याचं श्रेय पाटीला देता येत नाही.

मग पाटीने केलं काय? संध्याकाळी सात वाजता "आज काय करायचं?" हा प्रश्न बंद केला. आमची बाहेरची ऑर्डर भुकेने जात नव्हती, ती या प्रश्नाच्या कंटाळ्याने जात होती. बायको ड्युटीवरून येते, मी स्क्रीनसमोरून उठतो, मुलं फोन हातात घेऊन तयार. उत्तर पाटीवर असलं, भाजी निवडून ठेवलेली असली, तर वाद होत नाही. महिन्यातून तीन वेळा बाहेरून मागवायचं हे आता ठरलेलं आहे, तेही पाटीवर लिहून. थोरलीला ते पटलेलं नाही, पण तारखा तीच निवडते.

टाकलेली भाजी जानेवारीत 700 ग्रॅम. सडलेला कांदा त्यात धरलेला नाही, तो धरला तर मला हे लिहायचा अधिकार राहत नाही.

सणांत पाटी चालत नाही, हे स्पष्ट सांगतो. गणपती, नवरात्र, दिवाळी या दिवसांत घरी कोण येणार, किती जण जेवणार, कुणाचा उपास, काही सांगता येत नाही. पितृपक्षात तर एका आठवड्यात दोन ठिकाणी जेवायला होतो आणि घरची गिलकी जून झाली. अशा आठवड्यांत मी फक्त पालेभाजीचे दोन रकाने भरतो आणि बाकी कोरे सोडतो. आईची चतुर्थी-एकादशी मात्र महिन्याच्या सुरुवातीलाच लाल रंगात लिहून ठेवतो, नाहीतर आदल्या रात्री साबुदाणा भिजवायचा राहतो.

वस्तू म्हणून पाटीबद्दल तक्रारी आहेत. मागचं चुंबक हलकं आहे, दार जोरात लावलं की पाटी खाली घसरते. सोबतचा मार्कर दीड महिन्यात वाळला. गॅसजवळ ठेवली तर फोडणीचा चिकटा बसतो आणि पुसलेलं पूर्ण पुसलं जात नाही. ऑगस्टमधली शेपू अजून अंधूक दिसते.

घरात तक्रारीच नव्हत्या असंही नाही. आई सुरुवातीला म्हणायची, "आता भूक लागली तरी पाटीला विचारायचं का?" तिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी ऑफिस उघडल्यासारखं तिला वाटत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. मंगळवार तिच्या ताब्यात गेल्यावर सूर बदलला. बायको नाइट करून आली की तिला यातलं काहीच वाचायचं नसतं. "तू लिही, तू कर, मला वरण-भात दे," एवढंच. त्यामुळे नाइटच्या आठवड्यात तळाशी कायमचा वरण-भात असतो, रकाना वगैरे काही नाही.

दोघांचंच घर असेल आणि दोघांनाही एकच भाजी दोन वेळा चालत असेल तर पाटीची गरज नाही, कॅलेंडरचा मागचा भाग पुरे. माणसं जास्त, वेळा वेगळ्या, आणि फोनवरून मागवायची सवय लागलेली असेल तर घ्या. फक्त आधी एक महिना खर्च लिहून काढा. तो न लिहिता पाटी आणलीत तर मलाही वाटलं असतं तसंच तुम्हाला वाटेल, की भाजीत पैसे वाचतायत.

आज मंगळवार. पाटीवर कढी-फुणके आहेत, तूरडाळ सकाळीच भिजत घातली. आत्ता ट्रे उघडला तर मागे अर्धा कोबी निघाला. आईला दाखवला. ती म्हणाली, "घाल बारीक चिरून फुणक्यांतच, कोणाला कळतंय."