दाभण की तयार संच? चामडं शिवायला बसण्याआधी

चामड्याचं पाकीट स्वतःच्या हाताने शिवावं असं मनात आलं, की पहिली अडचण अवजारांची येते. एकीकडे ऑनलाइन मिळणारा वीस-तीस वस्तूंचा संच, दुसरीकडे घरातलं दाभण, कंपासपेटी आणि सुताराकडे उरलेला लाकडाचा तुकडा. मी दोन्ही वापरलंय. माझं मत आधीच सांगते: पहिल्या दोन-तीन वस्तू घरच्या अवजारांवर करा आणि वाचलेले पैसे चांगल्या चामड्यावर नि दोऱ्यावर घाला.

खरा फरक पडतो तो भोकं पाडताना. संचात दोन, चार किंवा सहा दातांची पटाशी असते. तिचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवून ठोका मारला, की अंतर आपोआप सारखं येतं. घरी हेच काम शाळेच्या कर्कटकाने होतं. त्याचं एक टोक चामड्याच्या कडेला टेकवून ओढलं, की दुसऱ्या टोकाने कडेला समांतर रेघ उमटते. मग ते 4 मिलिमीटरवर धरायचं आणि रेघेवरून एकेक पाऊल टाकत खुणा करायच्या. खुणांवर दाभण.

दाभण मात्र नीट तयार करून घ्या. नेढं कापून ते लाकडी मुठीत घट्ट बसवा आणि टोक घासून पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं करा. गोल सुईचं भोक उघडंच राहतं. चौकटच्या आकाराचं भोक दोऱ्याभोवती मिटतं आणि टाके दोरीच्या पिळासारखे तिरके बसतात. ग्राइंडरवर घासत असाल तर टोक सारखं पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं आणि टोक पहिल्याच दिवशी वाकतं. भोक पाडताना चामड्यामागे बाटलीचं बूच धरा. मी ते एकदा धरलं नव्हतं, आणि दाभण सरळ बोटात गेलं.

दाभणाने वेळ जास्त लागतो आणि भोकं सुरुवातीला वाकडी जातात. पण चामड्याची जाडी, त्याचा विरोध, कुठे ते सैल आहे, हे सगळं हाताला कळतं ते दाभणामुळेच. उलट स्वस्त संचातल्या पटाशीचे दात पुष्कळदा जाड आणि खरखरीत असतात. ते चामड्यात रुतून बसतात. बारीक पॉलिश पेपरने घासून, मेण लावून वापरावे लागतात. तेव्हा पट्ट्यासारखी लांब शिवण करायची असेल तर पटाशी घ्याच, पण चांगली, एकटी घ्या. संचासाठी नको.

कापायला स्टेशनरीतला मोठा कटर आणि स्टीलची पट्टी पुरते, फक्त पातं वरचेवर मोडून नवं करायचं. संचात बऱ्याचदा जो फिरता चाकू येतो तो नक्षीच्या रेघा कोरण्यासाठी असतो, चामडं कापण्यासाठी नाही. नवशिके इथे हमखास फसतात. कड पातळ करायला मोच्याची रापी, म्हणजे चामडं तासायचं रुंद पात्याचं अवजार, सगळ्यात उत्तम. ती हातात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की दुसरं काही नको वाटतं.

कडेच्या चकाकीचं म्हणाल, तर तिथे अवजारापेक्षा चामडं महत्त्वाचं. कोल्हापुरी चपलेसाठी पारंपरिक पद्धतीने हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं वापरतात. असल्या चामड्याची कड डिंकाचं पातळ पाणी लावून जीन्सच्या तुकड्याने जोरात घासली, की काचेसारखी गुळगुळीत होते. संचातलं खाचांचं लाकूड हेच काम करतं. लाटण्याची मूठही करते. जुन्या सोफ्याचं किंवा पर्सचं चामडं बहुधा सालीऐवजी क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असतं. त्याची कड कितीही घासा, चमकत नाही, ती दुमडावी किंवा रंगवावी लागते. त्यावर संचातले नक्षीचे ठसेही टिकत नाहीत. टाक्यांचा सराव करायला मात्र ते फुकटचं चामडं फार चांगलं.

चामडं धरायला लाकडी चिमटा नसला तरी अडत नाही. दोन फळ्या गुडघ्यांत दाबून धरा. चिकटवल्यावर कागदाचे काळे क्लिप लावा, पण मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर वळ उठतात.

दोऱ्याच्या बाबतीत तडजोड करू नका. शिवणयंत्राचा साधा दोरा इथे तुटतो. मेण लावलेला 0.8 मिलिमीटरचा पॉलिस्टर दोरा घ्या आणि दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवा. दोन्ही सुया एकाच भोकातून विरुद्ध बाजूंनी जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे लगेच उसवत नाहीत.

सुरुवातीला 10 बाय 7.5 सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा, एक लांब बाजू उघडी ठेवून बाकीच्या तीन बाजूंनी शिवा. कार्ड ठेवायचा कप्पा तयार. शिवण 25 सेंटीमीटर होते. दोरा तिच्या चौपट, म्हणजे 1 मीटर लागतो. वर वीतभर जास्तच ठेवा.