इमॅटिनिब ४०० मिग्रॅ (जेनेरिक): आईच्या जिस्टसाठी (जठर-आतड्यांच्या भिंतीतला एक कॅन्सर) दोन वर्षांचा अनुभव

रेटिंग ५ पैकी साडेचार. पण आधी सांगते, आमचे चार महिने फुकट गेले. आईला संडासला काळी व्हायची, हिमोग्लोबिन ६.८ वर आलेलं, एका हॉस्पिटलात एंडोस्कोपी केली तर बायोप्सी नॉर्मल, मग काय अल्सरच्या गोळ्या चालू. जिस्टची गाठ पोटाच्या भिंतीत, अस्तराच्या खाली वाढते, त्यामुळे वरवरचा तुकडा काढला की त्यात येतच नाही बऱ्याचदा. शेवटी सीटीत दिसली, ९ सेंमीची.

ऑपरेशननंतर गाठ परत येण्याचा हाय रिस्क म्हणून ही गोळी, रोज एक, ३ वर्षं. साधी किमो जिस्टवर जवळपास चालतच नाही. बहुतेक पेशंटमध्ये केआयटी जीन बिघडलेला असतो आणि पेशींना वाढत राहा असा सिग्नल सतत जात राहतो, इमॅटिनिब नेमका तोच अडवते.

पहिल्या आठवड्यात चहा-बिस्किटावर दिली तर रोज उलटी. आता दुपारी भाकरी-भाजी पोटभर जेवली की लगेच, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, त्रास नाही. गिळवत नसेल तर ग्लासभर पाण्यात विरघळवून पण देता येते. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पहिल्यांदा आरशात बघून आई म्हणाली, "अगं, रात्रभर रडल्यासारखी दिसतेय मी." दुपारपर्यंत उतरते. रात्री पोटऱ्यांत वांब येतात, अर्धा स्टार त्याचा कापला.

किंमत. २०१३ च्या १ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकचं (इमॅटिनिबचा मूळ ब्रँड) पेटंट नाकारलं, तेव्हा मूळ औषध महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास होतं आणि जेनेरिक आठ-दहा हजारांत. तो निकाल वेगळा लागला असता तर आमच्यासारख्यांनी काय केलं असतं, विचार करवत नाही.

आणि प्लीज, गोळी सुरू करण्याआधी ब्लॉकवर (काढलेल्या गाठीचा लॅबमध्ये जपलेला तुकडा) म्युटेशन टेस्ट मागा, म्हणजे जीनमध्ये नेमका कुठे बिघाड आहे ते कळतं. आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं. आईचं एक्सॉन ११ (केआयटी जीनचा एक भाग) निघालं, त्याला ४०० छान लागू पडते. एक्सॉन ९ असेल तर डॉक्टर डोस वाढवायचा विचार करतात, आणि पीडीजीएफआरए या दुसऱ्या जीनमधला डी८४२व्ही नावाचा बिघाड असेल तर ही गोळी कामच करत नाही, महिनोन्‌महिने उगाच घेत बसाल.

एकदा मेडिकलवाल्याकडे स्टॉक नव्हता, दोन दिवस खाडा झाला, मला झोप नाही. तेव्हापासून स्ट्रिपमध्ये दहा उरल्या की फोन करते.